नाड्याची कात

आत्याचं निम्मं आयुष्य ओलाव्याशी भांडण्यात गेलं.

ती पुस्तकं बांधायची. रहदारीच्या रस्त्याला लागून, तळमजल्यावर तिच्या दोन खोल्या होत्या. मागच्या खोलीत संसार, आणि संसार म्हणजे एक पलंग, एक शेगडी, एक फ्रीज आणि फळीवर देवाची तसबीर. पुढच्या खोलीत मात्र पाय ठेवायला जागा नसे. उसवलेली पुस्तकं, पुठ्ठ्यांच्या चळती, मेण लावलेल्या दोऱ्याची रिळं, खळीचं पातेलं आणि मधोमध ते अवजड लोखंडी दाबयंत्र, त्याच्या चाकावर सकाळी पहिल्यांदा हात ठेवताना आत्या डोळे मिटून देवाचं नाव घ्यायची. वाचनालयाचे शिपाई, वकील, निवृत्त मास्तर, सगळे तिला आत्याच म्हणत. खरं पाहिलं तर ती सख्खी आत्या एकाच मुलीची. ती मुलगी आत्या म्हणून हाक मारायची, ते ऐकून गिऱ्हाइकांच्याही तोंडी तेच बसलं.

कागदाला ओल लागली की बुरशी धरते, चामड्याला डाग पडतात, पुठ्ठा पापडासारखा वाकडा होतो. म्हणून खोलीच्या चारी कोपऱ्यांत चुन्याचे वाडगे असत. बुटांच्या खोक्यांत ओल शोषणाऱ्या सिलिकाच्या पांढऱ्या पुड्या येतात, त्या आत्या गोळा करायची. कुणी नव्या चपला घालून आलं की काम राहिलं बाजूला, आधी प्रश्न : "पुडी टाकली नाही ना? उद्या घेऊन या." भिंतीवर घड्याळासारखं एक यंत्र होतं, त्याची सुई हवेतला दमटपणा दाखवायची. सुई डावीकडे पडलेली असली की आत्याचा दिवस चांगला जायचा.

शेजारचा इस्त्रीवाला म्हणायचा, "आत्यांच्या खोलीत कुणी रडलं ना, तर आसू हनुवटीपर्यंत पोचायचं नाही. वाटेतच वाळेल."

या इस्त्रीवाल्याशी तिचं जुनं वैर होतं. दोघांच्या मध्ये एकच भिंत. पलीकडे दिवसभर कपड्यांवर पाणी शिंपडलं जायचं, वाफ निघायची, आणि अलीकडे आत्याची भिंत घामेजायची. ती भिंतीवर मुठी आपटून ओरडायची, "अरे, तुझी वाफ आवर!" तो तिकडून ओरडायचा, "कोंडून ठेवू का पिशवीत?" रोजचं होतं ते. एखाद दिवशी भिंत वाजली नाही तर दोघांनाही चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

तर अशा या कोरड्या ठणठणीत खोलीत मुंगी वाढली.

मुंगी म्हणजे आत्याच्या भावाची मुलगी. भाऊ जहाजावर, वहिनी अकाली गेलेली, त्यामुळे पोर आत्याच्या ओटीत आली. हाताला लागेल ते उचलून कुठेतरी नेऊन ठेवायची, म्हणून मुंगी. पुठ्ठ्याच्या कापट्यांची तिने घरं केली आणि त्यांत किडे, गोगलगायी, पंख मोडलेली पाखरं आणून ठेवली. आत्या कपाळावर हात मारायची आणि पुढचं घर कापून द्यायची. मोठी होऊन मुंगी जनावरांच्या दवाखान्यात लागली, तेव्हा कुणालाच नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते एका संध्याकाळी तिने पिशवीतून साप काढला तेव्हा.

"बिनविषारी आहे गं. पाळण्यासाठीच वाढवलेला. ज्यांनी घेतला होता त्यांना आता नकोसा झाला."

"आणि आपल्याला हवासा आहे, असं तुला कुणी सांगितलं?"

"बघ तरी. नाड्यासारखा आहे नुसता."

होता खरा. केशरी, तांबूस पट्ट्यांचा, बोटाएवढा जाड, मुंगीच्या मनगटावर सैल गाठ मारल्यासारखा. नाव तिथल्या तिथे पडलं. आत्याची पुढे त्या नावाने फार पंचाईत झाली. गिऱ्हाईक समोर बसलेलं असताना मागच्या खोलीतून मुंगी ओरडायची, "आत्या, नाडा सुटलाय!" आणि वकीलसाहेब घाईघाईने खिडकीबाहेर पाहू लागायचे.

नाड्याची काचेची पेटी पुढच्या खोलीत, खिडकीपासून लांब, पुस्तकांच्या रॅकशेजारी ठेवली होती, कारण उशाशी साप घेऊन निजायला आत्या तयार नव्हती. त्याचं सगळं मुंगी बघायची. फ्रीजच्या वरच्या कप्प्यात एका डब्यात गोठवलेले उंदीर असायचे. इस्त्रीवाला एकदा बर्फ मागायला आला, त्याने नको तो डबा उघडला आणि त्यानंतर त्याने आत्याकडे कधी चहासुद्धा घेतला नाही. आत्या त्या डब्याकडे बघताना आधी मनातल्या मनात उंदराची माफी मागायची, मग देवाची.

मग मुंगीला परदेशातल्या मोठ्या दवाखान्यात नोकरी लागली.

निघायच्या दिवशी दारात सामान होतं, गाडीवाला घाई करत होता. "नाड्याला नेता येत नाही गं इतक्या लांब. थोडे दिवस सांभाळ," असं मुंगी म्हणाली आणि काय करायचं ते तिने भराभर सांगितलं. आत्याने मान हलवली. हात खळीने भरलेले होते, मुद्दामच भरलेले होते, गळ्यात पडावं लागू नये म्हणून. मुंगी उंबऱ्यावर थांबली.

"येते, आत्या."

निघणाऱ्या माणसाने येते म्हणायचं आणि मागे राहणाऱ्याने ये म्हणायचं, इतकं साधं असतं ते. पण त्या एका अक्षराला आत्याचा आवाज धजेना. ते अक्षर बाहेर पडलं असतं तर त्याच्यामागून काय काय आलं असतं, देव जाणे. ती म्हणाली, "हं. नीट जा. पोचल्यावर कळव."

मुंगी क्षणभर तशीच उभी राहिली आणि गेली.

त्यानंतर फोन यायचा रविवारी. आत्या सकाळपासून फोन जवळ घेऊन बसायची आणि वाजला की जणू धावपळीत असल्यासारखं उचलायची. "हां, बोल गं, कामात होते." आणि पलीकडून पहिला प्रश्न ठरलेला : "नाडा कसाय?"

नाड्याने काय खाल्लं, कुठे बसला, कसा बसला, सगळं आत्या रंगवून सांगायची. मुंगी हसायची. एरवी त्या दोघींना बोलायला काय होतं? आत्याने आयुष्यभर पोरीला जेवलीस का, झोपलीस का, इतकंच विचारलेलं. आठवण येते, घर रिकामं वाटतं, असली वाक्यं त्या घरात कुणी कधी बोललंच नव्हतं. मुंगीला तिकडचं सांगायला वेळ नसे. नाड्याची बातमी संपली की फोन संपायचा. आत्या मग पेटीपाशी जाऊन म्हणायची, "तुझी चौकशी केली हं तिने."

मधूनच मुंगी म्हणायची, "तुला त्रास होत असेल तर सांग. माझा एक मित्र आहे ना, शहराच्या त्या टोकाला राहतो, त्याच्याकडे खूप साप आहेत. तो येऊन घेऊन जाईल."

"त्रास कसला? निजलेला असतो बिचारा," आत्या घाईने म्हणायची. नाडा गेला तर रविवारी मुंगी विचारणार काय?

मुंगीने जाताना पेटीत एक झाकणाचा डबा ठेवला होता. झाकणाला भोक, आत ओलसर शेवाळ. साप त्यात जाऊन बसायचा. पहिल्या खेपेला त्याने कात टाकली ती तिथेच, अखंड. आत्याने ती टिपकागदात दाबून ठेवली. पण पुढे त्या शेवाळाला वास यायला लागला आणि एका बाजूला पांढरे ठिपके दिसले. बुरशी! आणि तीही पुस्तकांच्या रॅकपासून हातभर अंतरावर! आत्याने चिमट्याने डबा उचलला आणि सरळ कचऱ्यात टाकला. एवढ्यावर थांबली असती तरी ठीक होतं. पण नाड्याला या रोगट ओलीचा त्रास नको, या मायेने तिने पेटीच्या तळाला अंथरलेल्या कागदाखाली सिलिकाच्या पुड्या पसरल्या. आपल्या सगळ्यात मौल्यवान पुस्तकांना ती जे देत होती, तेच तिने त्यालाही दिलं. पाण्याची वाटीही लहान केली. दौतीएवढी.

मग नाडा बदलला.

आधी रंग गेला. केशरी होता तो राखेत लोळल्यासारखा दिसू लागला. उंदीर पुढे धरला तरी ढुंकून बघेना. कागदाखाली तोंड खुपसून पडून राहायचा. आत्याने झाकण उघडलं की अंग आखडून घ्यायचा, आणि एकदा तर त्याने काचेवर तोंड आपटलं. आत्या दचकून मागे सरली. इतक्या दिवसांत त्याने असं कधी केलं नव्हतं. आणि डोळे! काळेभोर टपोरे डोळे होते, त्यांवर निळसर दुधाळ पडदा आला होता.

आत्याने खुर्ची ओढली आणि पेटीसमोर बसली.

"तुलाही करमत नाही ना रे?"

तिला सगळं लख्ख कळल्यासारखं वाटलं. हा मुंगीसाठी झुरतोय. जेवत नाही, बोलवलं तर अंगावर येतो, डोळे भरून आलेत. तिला त्याची दया आली आणि खरं सांगायचं तर थोडं बरंही वाटलं. घरात वाट बघणारं आणखी कुणीतरी होतं. तिने मुंगीची जुनी लोकरीची ओढणी कपाटातून काढून पेटीत घातली. मुंगीने पाठवलेले आवाजी निरोप फोनवर लावून फोन काचेला टेकवला. सापाला बाहेरचे कान नसतात हे मुंगीनेच तिला सांगितलं होतं. तरी लावला. "आत्या, आज इथे फार काम होतं, नंतर बोलते," असं मुंगी काचेला सांगत राहिली, पुन्हा पुन्हा.

रविवारी फोन आला. "नाडा कसाय?"

"मजेत आहे," आत्या म्हणाली.

हा झुरतोय असं सांगितलं असतं तर मुंगीने त्या मित्राला पाठवलं असतं. आणि झुरतोय कुणासाठी, हे सांगताना आत्याच्या तोंडून आणखीही काही निघून गेलं असतं.

काही दिवसांनी डोळ्यांवरचा पडदा आपोआप निवळला. आत्याने देवापुढे हात जोडले. पण त्यानंतर जे झालं ते तिने पुस्तकांच्या बाबतीत शेकडो वेळा पाहिलं होतं आणि जिवंत अंगावर कधी पाहिलं नव्हतं. नाड्याची कात सुटायला लागली ती तुकड्यातुकड्यांनी. मानेजवळून एक पापुद्रा, पोटाकडून एक पट्टी, बाकी सगळी अंगाला चिकटलेली, कडक, सुरकुतलेली. शेपटीच्या टोकाला तर बांगडीसारखं कडं बसलं होतं. आणि एक डोळा स्वच्छ झाला, दुसऱ्यावर चकती तशीच राहिली. नाडा दगडावर, काचेवर, वाटीच्या काठावर अंग घासत होता आणि काही सुटत नव्हतं.

आत्याचा हात सवयीने हाडाच्या पट्टीकडे गेला. जुन्या पुस्तकाच्या पाठीवरचं वाळलेलं चामडं काढायची ती गुळगुळीत पट्टी. जरा ओलं करायचं, कडेखाली पट्टी सरकवायची, हलकेच उचलायचं. तिच्याइतका हलका हात कुणाचा नव्हता. तिने नाड्याला हातात घेतलं आणि कुशीपाशी सुटलेल्या एका कडेखाली पट्टी घातली.

नाडा असा काही पिळवटला की पट्टी खाली पडली. जिथे कड उचलली होती तिथलं नवं अंग लालसर दिसत होतं.

आत्याने नाड्याला अलगद पेटीत ठेवलं. पुस्तक कधी असं करत नाही. पुस्तकाला दुखत नाही.

वार मंगळवार होता. तिकडे मुंगी कामावर असणार. आत्याने आजवर स्वतःहून फोन कधी लावला नव्हता, पोरीच्या कामात लुडबूड नको म्हणून. तिने लावला.

"आत्या? काय झालं? बरी आहेस ना?"

"मी बरी आहे. नाडा..." आणि मग सगळं एकदम बाहेर आलं. खाणं सोडलं ते, डोळे, कात, हाडाची पट्टी.

"दाखव. कॅमेरा चालू कर. अगं, तुझा कान दिसतोय मला, फोन समोर धर! हां." मुंगी थोडा वेळ नुसती बघत राहिली. "आत्या, शेवाळाचा डबा कुठाय?"

"बुरशी आली होती. टाकला."

"आणि तो कागदाखाली काय उंचवटा दिसतोय?"

आत्याने तळहाताने कागद दाबून सपाट केला.

"आत्या?"

"पुड्या आहेत. सिलिकाच्या."

पलीकडे मुंगी आधी फसकन हसली. मग हसू थांबलं. "सापाच्या पेटीत? आत्या, अगं, त्याला कात टाकताना ओलावा लागतो. हवा दमट असली की जुन्या आणि नव्या कातडीत पातळसा पाझर राहतो आणि सगळी कात मोज्यासारखी उलटी निघते. कोरडं असलं की चिकटते. डोळे निळे झाले म्हणजे कात जवळ आली, इतकंच. तेव्हा त्याला नीट दिसत नाही, म्हणून घाबरतो, अंगावर येतो. तेव्हा खात नाही, हात लावलेला चालत नाही. त्याला एकटं सोडायचं असतं."

"म्हणजे तो..." आत्या थांबली. "मला वाटलं, तुझी आठवण येते त्याला."

"नाही गं," मुंगी हळूच म्हणाली. "सापांना तसं नसतं होत."

आत्याने ओढणी हळूच पेटीतून काढून मांडीवर घेतली.

मुंगीने मग कामाचं सांगितलं. भोकं पाडलेला मोठा डबा. त्यात कोमट पाण्यात भिजवून घट्ट पिळलेला टॉवेल. नाड्याला त्यात सोडायचं, तो घड्यांमधून फिरेल, कात मऊ होईल, टॉवेलच्या खरखरीने निघेल. ओढायचं नाही. डोळ्यावरच्या चकतीला तर बोटसुद्धा लावायचं नाही. "पण तुझ्या त्या खोलीत टॉवेल पाच मिनिटांत वाळेल, आत्या. जरा उबदार, दमट जागा नाही का कुठे?"

आत्या भिंतीकडे बघत राहिली. पलीकडून फस्सकन वाफ सुटल्याचा आवाज आला.

इस्त्रीवाल्याच्या दुकानात आत्या आजवर पाऊल टाकून गेली नव्हती. डबा छातीशी धरून ती दारात उभी राहिली. त्याने इस्त्री उभी केली.

"आत्या? आज भिंत सोडून स्वतः आलात?"

"जरा वाफ हवी होती."

"काय हवी होती?"

"वाफ. ओलावा. माझ्याकडे नाही."

इस्त्रीवाल्याने दाराबाहेर डोकावून पाहिलं, हे ऐकणारं आणखी कुणी आहे का म्हणून. "इतकी वर्षं माझ्या वाफेला शिव्या घातल्यात. आज मागायला आलात. देवा, हे ऐकायला माझी बायको आज नेमकी माहेरी!" मग त्याची नजर डब्याच्या भोकांकडे गेली. "त्यात काय आहे?"

"नाडा."

"सुटा?"

"झाकण लावलंय रे."

"आत्या, मी कपड्यांच्या घड्या करतो. सापाच्या करत नाही."

"तुला काही करायचं नाही. त्या भिंतीशी, शेगडीपासून लांब, कोपऱ्यात ठेवू दे. मी बसते जवळ."

त्याने पायाने एक स्टूल कोपऱ्याकडे सरकवलं. मग दुपारभर आत्या तिथे बसली. मधूनमधून डब्याच्या तळाला हात लावून बघायची, फार गरम तर होत नाही ना. इस्त्रीवाला टेबलाच्या पलीकडच्या बाजूनेच काम करत होता आणि दर दोन सदऱ्यांनी विचारत होता, "निघाली का?" सांजेकडे तिने झाकण उघडलं. टॉवेलच्या घड्यांत कातीचे लांब ओले तुकडे अडकले होते. शेपटीवरचं कडंही सुटलं होतं. नाडा केशरी दिसत होता, नव्या छापील कागदासारखा. फक्त एका डोळ्यावरची चकती राहिली होती.

"ती राहू दे," मुंगी फोनवर म्हणाली. "पुढच्या कातीबरोबर निघेल, जर ती कात नीट निघाली तर. नाही निघाली तर डोळा जाऊ शकतो. म्हणून म्हणते, आत्या... मी मित्राला सांगते. त्याच्याकडे सगळी सोय आहे. तुझा दोष नाही, तुझं कामच कोरडं आहे."

आत्याने नाड्याकडे पाहिलं. पोरीचं बरोबर होतं. त्याच्या डोळ्याचा प्रश्न होता. पण हा गेला की रविवार गेला, हेही तिला दिसत होतं.

"एकदा मला करू दे," ती म्हणाली. "मी शिकते. पुढची कात बिघडली तर तू म्हणशील त्याला देईन."

मग तिने घर फिरवलं. पेटी मागच्या खोलीत, पलंगाच्या उशाशी नेली. मधल्या दाराला जाड पडदा लावला, पुस्तकांकडे ओल जाऊ नये म्हणून. पुड्या सगळ्या काढल्या. दौत जाऊन तिथे पसरट परात आली, नाडा आत बसू शकेल अशी. नव्या शेवाळाचा नवा डबा. शेवाळ किती ओलं ठेवायचं हे मुंगी फोनवर समजावायला लागली, तर आत्या म्हणाली, "ते मला नको सांगूस. चामडं वळवायला जेवढं ओलं करतात तेवढं. पिळलं तर थेंब पडू नये, गालाला लावलं तर गार लागावं." बुरशी धरायच्या आत ती शेवाळ धुऊन बदलायची. भिंतीवरच्या सुईच्या यंत्राच्या जोडीला तिने दुसरं आणलं. पुढच्या खोलीत सुई डावीकडे, मागच्या खोलीत उजवीकडे. सकाळी देवाचं नाव घेतलं की दोन्ही सुया बघायच्या आणि मग दाबयंत्राला हात.

आणि ती वाट बघू लागली. वाट बघणं तिला नवं नव्हतं, फक्त यावेळी काय येणार ते ठाऊक होतं.

रंग पुन्हा मळला, तेव्हा तिने उंदीर पुढे धरला नाही. डोळे दुधाळ झाले, तेव्हा ती पेटीपासून दूर झाली. पेटीवर कापड टाकलं. नाडा डब्यात शिरून बसला होता, त्याला हाक मारावी, झाकण उचलून बघावं असं तिला दिवसातून कितीदा तरी वाटे. ती उठून पुढच्या खोलीत जाई आणि जुजबंदीला बसे, पानांचे गठ्ठे एकात एक शिवत. शिवता शिवता तिच्या मनात येई : जायच्या आधी मुंगीही अशीच तर झाली होती. जेवणावरून उठायची, दार लावून घ्यायची, काही विचारलं की फटकन बोलायची. आत्याला वाटलं होतं, पोरीला आपला कंटाळा आला. म्हणून आत्या आणखीच कोरडी झाली होती.

डोळे निवळले. आत्याने शेवाळावर थोडं पाणी शिंपडलं आणि कापड पुन्हा टाकलं.

एका सकाळी तिने कापड काढलं तर डब्याच्या तोंडातून एक लांब, पारदर्शक झिरझिरीत मोजा बाहेर आला होता. उलटा. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत अखंड. नाडा परातीत पाण्यात बसून जीभ लपलपवत होता. आत्याने कातीचं तोंड अलगद तळहातावर घेतलं आणि खिडकीशी धरलं. डोळ्यांच्या जागी दोन गोल चकत्या होत्या, काचेसारख्या. एक पातळ, एक जाड. जाड होती ती दोन थरांची. मागची राहिलेली, या खेपेला बरोबर आलेली.

तिने भिंतीवर मूठ आपटली. "अरे, निघाली!"

इस्त्रीवाला धावत आला खरा, पण दारातच थांबला. मान लांब करून बघितलं. "उलटी काढली आहे. माझी गिऱ्हाइकंही अशीच उलटे कपडे टाकतात." मग जरा थांबून म्हणाला, "पण घडी मोडलेली नाही हं कुठे. छान."

नाड्याचे दोन्ही डोळे काळेभोर होते. त्या संध्याकाळी तो जेवला.

रविवारी आत्याने मुंगीला कॅमेऱ्यातून कात दाखवली. मुंगी नाक पडद्याला टेकवून बघत होती. "दोन्ही चकत्या! आत्या, तू सगळं केलंस! आमच्या दवाखान्यातसुद्धा इतकी सुरेख... थांब, मी मित्राला सांगते की आता यायचं काही कारण नाही." ती हसली. "पाठव ना गं मला ती. टिपकागदात घालून. तुझ्या हातचं पॅकिंग असलं की काही मोडत नाही."

मोडली नसती. शंभर वर्षांचे कागद आत्याने पोस्टाने पाठवले होते, कोपरासुद्धा दुमडला नव्हता. दोन पुठ्ठे, चार टिपकागद, झालं.

"नाही पाठवणार," आत्या म्हणाली.

"का गं?"

"पोस्टाने नाही पाठवणार." आत्याने कातीवरून बोट फिरवलं. कात अजून मऊ होती. "तू ये. ये आणि घेऊन जा."

पलीकडे मुंगीच्या मागे कुणाच्या तरी पावलांचा आवाज येत होता, कुत्रं भुंकत होतं.

"तू ये म्हणालीस?" मुंगीचा आवाज बदलला होता. "तू कधी ये म्हणत नाहीस. मी निघाले तेव्हासुद्धा नाही म्हणालीस. मी थांबले होते तिथे."

"माहीत आहे मला."

"लगेच नाही जमायचं, आत्या. इकडे रजा..."

"लगेच कोण म्हणतंय? कात आहे, ती काही नासत नाही. मी ठेवते जपून."

मुंगी नाक ओढत होती. नाड्याचं सगळं सांगून झालं होतं, पण फोन ठेवायचं कुणीच म्हणेना. शेवटी तिकडून कुणीतरी मुंगीला हाक मारली.

"येते, आत्या," ती म्हणाली.

"ये," आत्या म्हणाली.

फोन बंद झाला. आत्या कात दोन्ही हातांवर घेऊन तशीच पलंगावर बसून राहिली. हात गुंतलेले होते, पुसायला मोकळे नव्हते. भिंतीवरची सुई उजवीकडे होती. आसू गालावरून खाली आलं आणि यावेळी वाटेत वाळलं नाही. हनुवटीपर्यंत पोचलं.